केमोचं नाव न घेता

यांना लिम्फोमा झालाय हे कळलं त्या दुपारी हे कॅन्सर सेंटरच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीचं दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर टाकून नुसते बसून राहिले. मी ड्रायव्हिंग सीटवर किल्ली हातात धरून वाट बघत होते. शेवटी म्हणाले, "कोणाला सांगायचं नाही."

"कोणाला म्हणजे?"

"कोणालाच. मुलीला सांगू, बस."

हे स्वतः डॉक्टर, किडनीचे. सांगलीहून इथे आले, रेसिडेन्सी केली आणि पुढचं सगळं आयुष्य नॉर्थ कॅरोलायनातल्या लोकांना डायलिसिसवर जगवण्यात घालवलं. पेशंटने एखादा आजार किंवा एखादं औषध लपवलं की यांचा पारा चढायचा. जेवताना मला सांगायचे, "अगं, तीन डॉक्टर फिरला, पण मधुमेह आहे हे एकालाही बोलला नाही. आता मी काय करू, ज्योतिष बघू?" तेच हे, आता म्हणत होते कोणाला सांगायचं नाही. मी गाडी सुरू केली. त्या दिवशी वाद घालण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती.

मी मूळची नागपूरची, स्टॅटिस्टिक्स शिकलेली. रिसर्च ट्रँगलमधल्या एका औषध कंपनीत नव्या औषधांच्या चाचण्यांचं गणित मांडण्यात माझी नोकरी गेली. अर्ध्या लोकांना खरं औषध द्यायचं, अर्ध्यांना तशीच दिसणारी, आत काहीच नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय ते ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरला. माणूस बरा झाला तर कशाने झाला, हे ठरवणं किती कठीण असतं ते मी रोज बघत होते. औषध घेऊन बरे होणारे असतात, काहीही न घेता बरे होणारे असतात, आणि बरं वाटतंय असं आपल्याला आवडणाऱ्या डॉक्टरला सांगणारेही पुष्कळ असतात.

कॅरी गावातलं हे घर घेतलं तेव्हा जिन्याखाली बिल्डरने कोट टांगायला कपाट करून दिलं होतं. त्यात यांनी देव मांडले. सकाळी आंघोळ झाली की हे तिथे जमिनीवर मांडी घालून बसायचे, पूजा आटोपून हॉस्पिटलला जायचे. उदबत्तीने स्मोक अलार्म वाजायचा म्हणून मुलगी लहान असताना स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालायची. मी कधी देवाला हात जोडले नाहीत आणि यांनी कधी जोडायला सांगितलं नाही. आमच्याकडे येणारी तरुण मंडळी आमचं उदाहरण द्यायची. काका एवढे धार्मिक, काकू पक्क्या नास्तिक, पण बघा कसं मस्त जमतं त्यांचं. सायन्स आणि श्रद्धा एकत्र नांदू शकतात की नाही, अशी चर्चा कोणाच्या घरी निघाली की कोणीतरी आमच्याकडे बोट दाखवायचं. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. आता वाटतं, त्यात काही विशेष नव्हतं. यांचे देव हॉस्पिटलमध्ये येत नव्हते आणि हॉस्पिटल जिन्याखाली येत नव्हतं. दोघांची गाठच पडली नव्हती, तर भांडण कुठून होणार?

ती गाठ त्या उन्हाळ्यात पडली.

केमो एप्रिलमध्ये सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एकदा, दिवसभर. औषध सोडायला छातीत कातडीखाली पोर्ट बसवला, त्यातून एकेक पिशवी रिकामी व्हायची. हे रिक्लायनरवर पाय वर करून पडायचे आणि मी शेजारच्या खुर्चीत. केस गेले तेव्हा टोपी घालायला लागले. हे ज्या देवळात जायचे तिथल्या लोकांना सांगितलं की आम्ही मुलीकडे, टेक्सासमध्ये फ्रिस्कोला आहोत. प्रत्यक्षात आम्ही घरीच होतो, पडदे ओढून. कोणी बेल वाजवली तर मी दार उघडत नसे. हॉस्पिटलमधल्या सगळ्यांना माहीत, आपल्या माणसांना नाही, असा तो उलटा प्रकार होता.

जूनमध्ये भारतातून स्वामीजी आले. दरवर्षी येतात, अमेरिकेतल्या पाचसहा गावांत एकेक आठवडा राहतात. स्वामीजींबद्दल मला वाईट लिहिता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. पण माणूस वाईट नाही. मृदू बोलतात, दक्षिणा मागत नाहीत, कोणाला घाबरवत नाहीत. गर्दी नसताना हे एकटेच त्यांना भेटायला गेले आणि येताना अनुष्ठान घेऊन आले. रोज पहाटे स्तोत्राची आवर्तनं, दिवसातून एकदा जेवण, आणि जेवणात मीठ नाही.

"ऑन्कॉलॉजिस्टने सांगितलंय, जे जाईल ते खा. वजन जाता कामा नये," मी म्हटलं.

"एकदाच पण पोटभर जेवेन."

"तुमच्या पेशंटने असं केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"माझ्या पेशंटचं मीठ मीच बंद केलेलं असायचं," हे म्हणाले आणि किती दिवसांनी हसले. त्या हसण्यापुढे मी वाद सोडला. पुढे वजन उतरायला लागलं तेव्हा यांनीच स्वामीजींना फोन केला. त्यांनी सांगितलं, दूध आणि फळं कितीही वेळा घ्या. तेवढ्यावर भागलं. केमो एकही चुकली नाही. हे डॉक्टर होते, चुकवणारही नव्हते. पहाटे स्तोत्र आणि नऊ वाजता पोर्टला सुई, असा तो उन्हाळा गेला.

ऑगस्टच्या शेवटी स्कॅन स्वच्छ आला. ऑन्कॉलॉजिस्टने स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवला. आधीच्या चित्रात मानेत आणि पोटात जे दिवे पेटले होते ते सगळे विझलेले. यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि रडले. मीही रडले. घरी आल्यावर हे जिन्याखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला त्याचं काहीच वाटलं नाही. जगलेल्या माणसाने कोणाचे आभार मानावेत हे त्याने ठरवावं.

दसऱ्याला देवळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. 'अनुभव' म्हणून एक भाग असतो, त्यात भक्त आपापले अनुभव सांगतात. यांचं नाव पुकारलं तेव्हा मी दचकलेच, कारण मला काही बोलले नव्हते. केस पुन्हा आले होते, पांढरे आणि मऊ. रेशमी कुडता घालून स्टेजवर उभे राहिले आणि मराठीत सुरुवात करून इंग्रजीत शिरले, जसे नेहमी शिरतात.

म्हणाले, "मार्चमध्ये मला कॅन्सर आहे असं कळलं. मी स्वतः डॉक्टर आहे, मला त्याचा अर्थ कळत होता. त्या दिवशी माझं सगळं शिक्षण गळून पडलं. मी स्वामीजींच्या पायाशी गेलो. त्यांनी अनुष्ठान दिलं, ते मी जसंच्या तसं पूर्ण केलं. ऑगस्टमध्ये स्कॅन केला. कॅन्सरचा मागमूस नाही. मेडिकल सायन्सला मी आयुष्य दिलं, पण मला आयुष्य दिलं ते कृपेने."

हॉल उभा राहिला. माझ्या शेजारच्या बाईने माझा हात घट्ट धरला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बसूनच होते. मी एकेक वाक्य मनात पुन्हा तपासत होते. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. मार्च खरा, अनुष्ठान खरं, स्कॅन खरा. फक्त मधला एप्रिल ते ऑगस्ट गायब होता.

गाडीत बसल्याबरोबर मी विचारलं, "केमोचं काय?"

"त्याचं काय?"

"सांगितली नाहीत."

"तो माझा अनुभव होता. केमो हा काय अनुभव आहे? केमो सगळेच घेतात. केमो निमित्त होतं."

"मग निमित्त म्हणून तरी सांगायचं."

"तुला प्रत्येक गोष्टीची चाचणी करायची असते," हे म्हणाले आणि रेडिओ लावला.

देवळाने तो व्हिडिओ ऑनलाइन टाकला. शीर्षक दिलं, 'डॉक्टरांनी अनुभवलेली कृपा'. दुसऱ्या दिवशी फ्रिस्कोहून मुलीचा फोन आला. तिला तो तिच्या मैत्रिणीच्या आईने पाठवला होता. "डॅड, सीरियसली? यू लेफ्ट आउट द केमो?" फोन स्पीकरवर होता. यांनी तिला सांगितलं की तुझं मराठी कच्चं आहे, तुला भाव कळला नाही. ती म्हणाली, "द पार्ट व्हेअर यू हिड इट वॉज इन इंग्लिश, डॅड," आणि फोन ठेवला.

मी देवळाच्या समितीच्या सेक्रेटरीला भेटले. चांगला मुलगा, एका बँकेत डेटा सायंटिस्ट आहे. त्याला म्हटलं, व्हिडिओ काढा, नाहीतर खाली एक ओळ लिहा की यांनी पूर्ण ट्रीटमेंट घेतली होती. तो अवघडला. "काकू, काकांनी स्वतः सांगितलं तर करू. आणि लोकांना किती पॉझिटिव्ह वाटतंय त्याने." मग मी स्वतःच देवळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत. यांनी केमो घेतली होती, सगळी, एकही न चुकवता. कोणीही आपली ट्रीटमेंट थांबवू नये. चहा गाळून होईपर्यंत माझा मेसेज अॅडमिनने काढून टाकला होता. त्या एवढ्याशा वेळात कोणीतरी यांना मात्र कळवलं होतं.

हे हातात फोन घेऊन किचनमध्ये आले. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. "माझी मेडिकल इन्फर्मेशन आहे ती! माझी! तुझ्या कंपनीत कोणी पेशंटचं नाव फोडलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता. तुला लाज नाही वाटली?"

"दोनशे लोकांसमोर कॅन्सर तुम्हीच सांगितलात."

"जेवढं मला सांगायचं होतं तेवढं सांगितलं!"

त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. हिवाळा तसाच गेला.

मार्च संपत आला तेव्हा, इथे पाइनचे परागकण उडायला लागतात, गाड्या, पायऱ्या, पत्रपेटी सगळं पिवळं होतं, त्या दिवसांत एका शनिवारी दुपारी एक जोडपं आमच्याकडे आलं. दोघं पुण्याची, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, देवळात ओझरती ओळख. तिची चाळिशीही झाली नव्हती. फोन करून आली होती, काकांना भेटायचंय म्हणून. दारात चपला काढताना तिने भिंतीचा आधार घेतला ते माझ्या लक्षात आलं. आत आल्यावर दोघांनी वाकून नमस्कार केला.

मी चहा आणि चिवडा ठेवला. तिने हात लावला नाही. "काकू, माझं मीठ बंद आहे," ती संकोचून म्हणाली आणि यांच्याकडे बघून हसली, जसं एका शाळेतली मुलं एकमेकांकडे बघून हसतात. "काका, तुमचा व्हिडिओ मी रोज ऑफिसला जाताना लावते. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, तुम्हाला फरक केव्हा जाणवायला लागला? कारण मला अजून..."

यांनी कप खाली ठेवला. "काय झालंय तुला?"

तिने सांगितलं. दिवाळीनंतर छातीत गाठ लागली होती. बायॉप्सी झाली होती. डॉक्टरांनी आधी केमो, मग ऑपरेशन सांगितलं होतं. तिच्या आईला पुण्यात केमोने फार हाल होऊन मरताना तिने बघितलं होतं. तिने व्हिडिओ बघितला, भारतात स्वामीजींच्या आश्रमात फोन केला, अनुष्ठान घेतलं. केमो पुढे ढकलली.

"कोणी सांगितलं पुढे ढकल म्हणून?" यांचा आवाज डॉक्टरचा झाला होता. "आश्रमातून सांगितलं?"

"नाही नाही. ते काहीच नाही बोलले त्याबद्दल. मीच ठरवलं. तुम्ही जे केलंत तेच करायचं."

मी म्हटलं, "यांनी केमो घेतली होती."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी भलत्याच भाषेत बोलल्यासारखं. मग यांच्याकडे वळली. "काका?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"मी म्हणालो कृपा झाली." यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "केमो घेतली नाही असं मी म्हटलं नव्हतं."

हे वाक्य त्यांनी मुद्दाम कोणाला फसवायला उच्चारलं नाही. स्वतःला समजवायला इतके महिने तयार ठेवलेलं वाक्य होतं ते, तोंडातून निसटलं. पण त्या खोलीत ते इतकं घाण वाटलं की मी उठून खिडकीकडे गेले. तिचा नवरा हळूच म्हणाला, "काका, तुम्ही डॉक्टर आहात." एवढंच.

ती रडली नाही. तिने प्लेटमधला चिवडा उचलला, तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिली.

पुढचं सगळं यांनी केलं, हेही सांगितलं पाहिजे. त्याच दुपारी आपल्या ऑन्कॉलॉजिस्टच्या घरच्या नंबरवर फोन केला. सोमवारी तिला घेऊन गेले. स्कॅनमध्ये लिव्हरवर डाग दिसले. गाठ जलद वाढणाऱ्या जातीची होती. आधी आली असती तर वाचली असती का, असं मी यांना विचारलं नाही आणि ऑन्कॉलॉजिस्टलाही नाही. मला त्या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर माहीत आहे. एका माणसाबद्दल खात्रीने काहीच सांगता येत नाही. मी आयुष्यभर हे वाक्य लोकांना शिकवलं, आणि त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की या वाक्याआड माणूस किती आरामात लपू शकतो.

तिची केमो सुरू झाली. तिचा नवरा नोकरी सांभाळून जमेल तेव्हा येई, एरवी हे तिला घेऊन जायचे आणि मी बरोबर. आधीच्या वर्षी हे जिथे पडायचे तशाच रिक्लायनरवर ती पडायची, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून. तिला सुयांची भीती होती. सुरुवातीलाच एकदा नर्स पोर्टला सुई लावायला आली तेव्हा ती यांना म्हणाली, "काका, ते स्तोत्र म्हणा ना."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली नाही. हे म्हणायला लागले, अगदी हळू आवाजात, कारण पलीकडच्या खुर्चीत एक म्हातारा गोरा माणूस झोपला होता. मॉनिटरवर तिचे ठोके दिसत होते. ते खाली खाली आले आणि सुई गेली तरी वर गेले नाहीत. हे मी डोळ्यांनी बघितलं. एकदा नाही, प्रत्येक वेळी. स्तोत्र जे करू शकत होतं ते त्याने केलं. बाईची भीतीने आवळलेली मूठ सैल केली. तेवढंच काम त्याला दिलं असतं तर माझी काय तक्रार होती?

ती खंगत गेली. त्याच वर्षी थंडी सुरू होताना वारली. फ्युनरल होममध्ये आम्ही रांगेत उभे होतो. तिच्या नवऱ्याचे भाऊ फ्रिस्कोहून आले होते. भटजींनी विधी थोडक्यात केले, कारण हॉल ठराविक वेळेपुरता मिळाला होता. ज्यांच्याशी तिची ओळख नव्हती असेही बरेच लोक आले. इथे लोक येतात, ते मानलं पाहिजे.

बाहेर पार्किंगमध्ये देवळाच्या समितीतले एक गृहस्थ आमच्याशी बोलत थांबले. मोठे केमिकल इंजिनिअर, त्यांच्या नावावर पेटंटं आहेत. हळहळले, मग म्हणाले, "काय आहे ना, अनुष्ठान मध्येच इंटरप्ट झालं तिचं. तुमचं बघा, तुम्ही पूर्ण केलंत."

मला आधी कळलंच नाही ते गृहस्थ काय बोलतायत. मग कळलं. ती आमच्या घरी चिवडा खाऊन गेली होती. त्यात मीठ होतं.

आमच्या चाचण्यांमध्ये एक कडक नियम होता. औषध घ्यायला लागून मध्येच सोडून देणारा माणूस शेवटी हिशेबातून वगळायचा नाही. सुरुवातीला तो ज्या गटात होता त्याच गटात मोजायचा, मेला तरी त्याच गटात. नाहीतर कुठलंही औषध गुणकारी ठरवता येतं. ज्यांना लागू पडलं नाही त्यांना बाहेर काढत राहिलं की झालं. मी हे त्या गृहस्थांना सांगायला तोंड उघडलं. हे माझ्या आधी बोलले. "ती इंटरप्शनने नाही गेली. ती उशिराने गेली. आणि तो उशीर माझ्यामुळे झाला."

गृहस्थांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, स्वतःला दोष देऊ नका. ज्याचं त्याचं प्रारब्ध असतं."

त्यानंतर हे व्हिडिओ काढायला सांगायला स्वतः गेले. सेक्रेटरीने शब्द पाळला, काढला. पण तोवर तो लोकांच्या फोनवरून कुठे कुठे गेला होता, ते परत बोलवता येणार नव्हतं. यांना तेवढ्याने चैन पडेना. पुढच्या उन्हाळ्यात स्वामीजी आले तेव्हा यांनी 'अनुभव'मध्ये बोलायची वेळ मागितली. सगळे स्लॉट भरलेत असं उत्तर आलं. तरी हे गेले. आरती झाली, लोक महाप्रसादासाठी उठायला लागले, तेव्हा हे आपल्या जागेवर उभे राहिले आणि माइकशिवाय, म्हाताऱ्या झालेल्या आवाजात बोलले.

"दोन वर्षांपूर्वी मी इथे अर्धं सांगितलं होतं. मी केमो घेतली होती. सगळी. माझा कॅन्सर केमोने गेला. माझं ऐकून एका मुलीने केमो घेतली नाही आणि ती वारली."

उठलेले लोक पुन्हा बसले. मी यांच्या शेजारी उभी होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल. लोक चिडतील, रडतील, कोणीतरी स्वामीजींना जाब विचारेल, यांना तरी विचारेल. तिथे बसलेल्यांमध्ये डॉक्टर किती, लॅबमध्ये काम करणारे किती, मुलांना सायन्स फेअरला घेऊन जाणारे किती!

स्वामीजी हसले. कुचेष्टेने नाही, प्रेमाने. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, केमो शोधून काढायची बुद्धी माणसाला कोणी दिली?"

क्षणभर थांबून टाळ्या सुरू झाल्या. सुटका झाल्यासारख्या टाळ्या. कोणीतरी जयजयकार केला. एक बाई यांच्या जवळ येऊन म्हणाली, "काका, किती सुंदर बोललात." आणि रांग महाप्रसादाकडे वळली. यांनी पाच मिनिटांपूर्वी जे सांगितलं होतं ते त्या एका वाक्याच्या पोटात जाऊन नाहीसं झालं, आणि मेलेल्या मुलीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

हे उभेच होते. मी कोपर धरून त्यांना बाहेर आणलं. मग घरी गॅरेजमध्ये बूट काढताना म्हणाले, "मी खरं बोललो ना?"

"बोललात."

"मग काही झालं कसं नाही?"

मला उत्तर माहीत होतं, पण मी दिलं नाही. तिथे काहीही आलं तरी चालतं. बरा झालात तर कृपा, मेलात तर प्रारब्ध, केमोने बरा झालात तर केमोही कृपाच. ज्याला कशानेच धक्का लागत नाही त्याच्याशी भांडायचं कुठून? आणि आमचं शास्त्रही त्या हॉलमध्ये आरामात बसलं होतं, पेटंटांसकट, हातात पत्रावळ घेऊन. शास्त्राचं आणि श्रद्धेचं छान जमतं असं लोक म्हणतात ते खरंच आहे. जमवून घेण्याची किंमत त्या दोघांपैकी कोणालाच मोजावी लागत नाही.

हे अजून पूजा करतात. मी विचारलं होतं एकदा, अजून कसं करवतं? म्हणाले, "तिच्यासाठी करतो." पण आता यांचं स्तोत्र सुरू झालं की मी मागच्या डेकवर जाते, थंडी असली तरी. पूर्वी मी तिथेच किचनमध्ये पोळ्या लाटत असे आणि ते माझ्या कानांवरून जात असे. आता जात नाही, अडकतं. हे ज्याला ना त्याला, ग्रोसरी स्टोअरच्या रांगेतल्या अनोळखी माणसालाही, आपण केमो घेतली होती असं सांगत सुटतात. लोक मान डोलावतात आणि काळजी घ्या म्हणतात.

तिचा नवरा या वसंतात घर विकून भावांकडे, फ्रिस्कोला राहायला गेला. जायच्या आधी निरोप घ्यायला आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. पूर्वी वाकून नमस्कार करायचा. या वेळी यांच्याशी हात मिळवला, ऑफिसात मिळवतात तसा. हे आत निघून गेले. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले. गाडीत मागे खोकी भरलेली होती.

म्हणाला, "काकू, एक विचारू? त्या पहिल्या चार महिन्यांत तिला खात्री होती की ती बरी होणार. रोज गाणी म्हणत स्वयंपाक करायची. मी तिला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. तेवढं तरी चांगलंच झालं ना?"

तो माझ्याकडे बघत होता. त्याला 'हो' हवं होतं आणि ते द्यायला माझं काही जात नव्हतं.

"नाही रे," मी म्हटलं. "ते चांगलं नव्हतं."

त्याने मान हलवली, गाडीत बसला आणि निघाला.